तुमच्या घरून उचलतात

आपण सकाळी कुलूप लावून निघालो त्या घरी फोन लावावा आणि तो एखाद्या पुरुषाने उचलावा, असं नाझियाच्या बाबतीत एका मंगळवारी दुपारी घडलं. शाळा सुटून ती स्टेशन रोडवरच्या एसटीडी बूथमध्ये शिरली होती. कितीतरी दिवस घरचा फोन जवळजवळ वाजलाच नव्हता. रिसीव्हर उचलला की टोन यायचा, लावला की लागायचा, पण बाहेरून ओळखीच्या कुणाचा म्हणून यायचा नाही. स्टाफरूममध्ये कुणीतरी म्हणालं, बाहेरून लावून बघा, रिंग तरी जाते का. रिकाम्या घरात घंटी वाजताना लांबून ऐकायची, एवढाच बेत होता. दुसऱ्या घंटीला खडखड झाली, एक म्हातारा घसा खाकरला आणि आवाज आला, "हां, बोला." मागे कुकरची शिट्टी झाली. नाझियाच्या हातातला रिसीव्हर एकदम जड झाला. "हॅलो, बोला की. कोन हाय?" आवाज वैतागलेला नव्हता, उलट उत्सुकच होता. आपल्या घरात ऐसपैस बसलेल्या माणसाचा असतो तसा. तिने फोन ठेवला. काचेपलीकडून बूथवाल्याने विचारलं, "लागला का मॅडम?" आणि ती म्हणाली, "लागला."

रेल्वेखालच्या कुरकुंभ मोरीतून घराकडे जाताना तिला तो माणूस दिसत राहिला. अब्बांच्या वेताच्या खुर्चीत बसलेला, पाय वर घेतलेला. मोरीत दोन्हीकडून गाड्या अडकल्या होत्या, सगळे हॉर्न वाजवत होते, वरून मालगाडी जात होती, आणि नाझियाला वाटत होतं की तो इतक्यात स्वयंपाकघरातही जाऊन आला असेल, फडताळातले डबे उघडून त्याने वासही घेतले असतील. कुलूप जसंच्या तसं होतं. आत सगळं जागच्या जागी, दारांमागे कुणी नाही, न्हाणीत नाही, पलंगाखाली नाही. पलंगाखाली ती हातात छत्री घेऊन वाकली होती, हे लक्षात आल्यावर तिला स्वतःचीच लाज वाटली. कोपऱ्यातल्या तिपाईवर, अम्मीने विणलेल्या जाळीदार रुमालाखाली, फोन नेहमीसारखा बसलेला. तिने रिसीव्हर कानाला लावला. टोन होता. एकसुरी, निर्लज्ज, जणू काही झालंच नाही असा.

ह्या फोनसाठी अब्बांनी अर्ज केला तेव्हा ती कॉलेजात होती. रेल्वेतल्या गार्डाच्या नोकरीत उभा जन्म घालवलेल्या माणसाला वाट बघण्याचं काही विशेष वाटत नसे. 'नंबर लागेल' एवढंच ते म्हणत. नंबर लागला तेव्हा अब्बा नव्हते. खांबावरून वायर ओढायला आलेल्या माणसाने अर्जदाराची सही मागितली, आणि नाझियाने अब्बांच्या नावासमोर आपली सही केली. पुढे अम्मी गेली, थोरली बहीण शहजादी आपा तर लग्न होऊन आधीच शिरूरला गेलेली, घरात नाझिया आणि फोन. भूगोलाच्या बाई म्हणून दौंडात तिला ओळखणारे पुष्कळ. पण घरात येऊन बसणारं असं कुणी होतं तर ते ह्या फोनमधूनच यायचं. रविवारी सकाळी आपा, मग तिला खाला म्हणणारी आपाची मुलगी सुमैया, मग पालकांपैकी कुणीतरी, 'बाई, आमच्या पोरीला नकाशा का जमत न्हाई?' त्रेचाळिसाव्या वर्षी एकटं राहणाऱ्या बाईला लोक विचारतात, भीती नाही वाटत? तिला कधी वाटली नव्हती. घंटी वाजायची ना.

म्हणून ती वाजायची थांबली तेव्हा तिने फोनवर संशय घेतलाच नाही. तिने माणसांवर घेतला. सुमैयाच्या लग्नात शिरूरला जे झालं, त्याचीच ही शिक्षा, हे तिने पहिल्याच मुक्या रविवारी ठरवून टाकलं. मेंदी काढून घेत बसलेल्या सगळ्या बायकांसमोर आपा म्हणाली होती, "आता नाझियाचंही जमवून टाकलंय मी. केडगावचे पाशाभाई. बायको गेली त्यांची, माणूस शांत आहे." जमवून टाकलंय. बाजारातून येताना कोथिंबीरही आणली, अशा सुरात. बायका हसल्या, कुणीतरी नाझियाच्या हनुवटीला हात लावला, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "मला माझ्या घरात दुसऱ्या माणसाचं खोकणंसुद्धा नको." ती फार जोरात बोलली नव्हती, पण नेमकी तेव्हाच बाहेरची कॅसेट संपली होती. आपाचा चेहरा तिला अजून दिसायचा. रागावलेला नाही, मिटलेला. त्यानंतरचे दिवस नाझिया तो चेहरा आणि तो मुका फोन एकत्र ठेवून जगली. आपाने सगळ्यांना सांगितलं असणार, कुणी तिला करू नका, बघू किती दिवस राहते एकटी. सुमैयासुद्धा! जिला परीक्षेच्या आदल्या दिवशी फोनवरून तिने पर्जन्यछायेचा प्रदेश समजावून सांगितला होता, ती सोलापूरला सासरी जाऊन आईचंच ऐकते. मग आपण तरी का करायचा? दिवसातून तीनदा ती रिसीव्हर उचलून टोन ऐकायची आणि ठेवून द्यायची. टोन आहे, म्हणजे फोन चांगला आहे, म्हणजे माणसं वाईट आहेत. हे गणित इतकं सरळ होतं की रात्री अंथरुणावर पडल्यावर तिला त्याचं समाधानसुद्धा वाटायचं.

आणि आता हा म्हातारा. बुधवारी पहिला तास दुसऱ्या बाईंना देऊन ती टेलिफोन ऑफिसात गेली. दारावर नवीन फलक होता, 'घरबसल्या इंटरनेट, जग तुमच्या बोटांवर.' तक्रारीच्या खिडकीत पोपटराव म्हणून गृहस्थ होते, चष्मा कपाळावर चढवलेला.

"डायल टोन येतो का?"

"येतो."

"घरून फोन लागतात?"

"लागतात."

"मग बंद काय आहे?"

"बंद काहीच नाही. माझ्या नंबरवर फोन केला की दुसऱ्याच कुणाच्या घरी वाजतो."

पोपटरावांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "असं होत नसतं, मॅडम. नंबर म्हणजे काय पत्र आहे का, चुकून शेजारी पडायला?" तरी त्यांनी तिचा नंबर फिरवला. नाझिया खिडकीच्या गजांना धरून उभी. "हां, टेलिफोन ऑफिसातून. फोन कसा चालतो तुमचा? चांगला? काही तक्रार? नाही ना? ठीक." त्यांनी रिसीव्हर ठेवला आणि तिच्याकडे इतक्या प्रसन्नतेने पाहिलं की तिला ओरडावंसं वाटलं. "तुमच्या घरून उचलला. एकदम ओके आहे म्हणाले."

"माझ्या घरी कुणी नाहीये. मी एकटी राहते."

"एक आबा बोलले की. वडील असतील."

"वडील वारले माझे."

हे शब्द बाहेर पडले आणि मागच्या रांगेतल्या माना वळल्या. बिलं भरायला आलेली माणसं. त्यातले दोघं तरी तिच्या विद्यार्थ्यांचे वडील. पोपटरावांनी आवाज खाली आणला, आणि तेच जास्त वाईट होतं. "हे बघा मॅडम, लाइन टेस्ट केली, घंटी जाते, माणूस उचलतो. ऑफिसचं काम तिथं संपतं. कोण उचलतं ते तुम्ही घरात बघा." पुन्हा लावा, मला बोलायला द्या, म्हणून ती हटून बसली तेव्हा त्यांनी पुन्हा लावला. एंगेज. तिच्या फोनवरून कुणीतरी कुणाशी तरी बोलत होतं, आणि ती इथे गज धरून उभी होती. घरून तिने तक्रारीचा तो तीन आकडी नंबर लावला. एका बाईच्या ध्वनिमुद्रित आवाजाने नंबर दाबायला लावला आणि दुसऱ्या दिवशी त्याच गोड आवाजात सांगितलं की आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे. निवारण! फळ्यावर लिहून मुलांना अर्थ विचारावा असा शब्द. (पुढे, पावसाळा तोंडावर आला तेव्हा, एक लाइनमन आला, त्याने कोपऱ्यावरचा लोखंडी डबा उघडला, दोन वायरी सोडवून एकमेकींच्या जागी लावल्या आणि चहासुद्धा न घेता गेला. ज्यासाठी तिची चप्पल झिजली होती ते काम एवढंच होतं.)

त्या म्हाताऱ्याशी सरळ बोलून टाकावं, एवढं तिला सुचलं नाही असं नाही. बुधवारीच संध्याकाळी घरून तिने आपलाच नंबर फिरवला. आपण आपल्यालाच बोलवतोय, असं काहीतरी वाटून तिचं बोट शेवटच्या आकड्यावर अडखळलं. घंटी गेली. "हां, बोला."

"कोण बोलतंय? हा माझा फोन आहे. नाझिया शेखचा."

"व्हय व्हय, नाजियाबाईंचाच हाय," तो आवाज मोठ्या सौजन्याने म्हणाला. "पन बाई न्हाईत आत्ता. काय निरोप आसंल त सांगा."

तिने रिसीव्हर आपटला. बाई न्हाईत. स्वतःच्या घरात, स्वतःच्या खुर्चीत बसून तिने ऐकलं होतं की ती नाही. राग पोपटरावांचा होता, म्हाताऱ्याचा होता, पण त्याच्या तळाशी एक गार काहीतरी होतं. इतके दिवस लोक तिला फोन करत होते, आणि पलीकडे एक माणूस त्यांना शांतपणे सांगत होता की ती नाही, आणि लोकांचं त्यावाचून काही अडत नव्हतं. ते निरोप ठेवत होते. पुन्हा तो नंबर फिरवायची तिची छाती झाली नाही.

त्यापेक्षा आपा बरी. गिळला मान आणि लावला शिरूरला. आपाकडे नुकताच एक डबा बसवला होता, कुठून फोन येतो तो नंबर दाखवणारा. तिचा नवरा अक्रम ह्याला असल्या गोष्टींची हौस. "कोण?" आपाचा आवाज सावध होता.

"मी, नाझिया."

"कुठून बोलतेस?"

"घरून."

"खोटं बोलू नकोस. हा नंबर तुझा नाही. इथे समोर दिसतोय मला." आपाने नंबर वाचून दाखवला. खरंच तिचा नव्हता. "आणि तुझ्या नंबरवर केला की कोण उचलतं ते मला माहितेय. किती दिवस झाले, एक पुरुष उचलतो. निरोप सांगा म्हणतो! तू पाशाभाईंना नाही म्हणालीस ते ह्यासाठी? सरळ सांगायचं होतंस ना. चार बायकांत मला खाली बघायला लावलंस."

"आपा, लाइन चुकलीये. माझा फोन दुसऱ्याच..."

"टेलिफोनवाल्यांना अक्रमने विचारलं. ते म्हणाले फोन चांगला आहे, घरचे उचलतात." आणि पलीकडून खट्ट.

गंमत अशी की आपाची प्रत्येक गोष्ट जुळत होती. पुरावा होता, नंबर होता, ऑफिसचा निर्वाळा होता. खोटं एवढंच होतं की त्यातलं काही घडलं नव्हतं. जन्मभर तिने खुलासे केले होते. लग्न का नाही केलं, शिरूरला का येत नाही, एवढ्या मोठ्या घरात एकटी काय करतेस. आणि प्रत्येक खुलाशानंतर समोरचा असाच गप्प व्हायचा, पटून नव्हे, सोडून दिल्यासारखा. आणि तेवढ्यात, इतक्या दिवसांत दोनदाच वाजला असेल तो फोन वाजला. मागे दोन्ही वेळा एकच रांगडा आवाज होता, "आबा हायेत का?" आणि ती "राँग नंबर" म्हणून ठेवून मोकळी झाली होती. आताही तोच.

"ताई, ठेवू नका, ठेवू नका! ही तिसरी येळ. आहो हौसराव आबांचाच नंबर हाय ना? मी दत्ता, त्येंचा मुलगा. कुरकुंभला कंपनीत आसतो. आबांनी घर बदललं का काय? दर टायमाला तुम्ही राँग नंबर राँग नंबर!"

तिच्या डोक्यात काहीतरी जागेवर बसलं. तिने अगदी हळू, वर्गात विचारावं तसं, विचारलं, "दत्ता, तुमचे आबा राहतात कुठे?"

मोरीच्या पलीकडे, नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर. तिच्या घरापासून चालत जेमतेम पाव तास. दुसऱ्या दिवशी शाळेतून ती तडक तिकडेच निघाली. मोरीपाशी रस्ता खणून बुजवल्याची माती अजून तशीच पडली होती. आज नाझियाच्या मनात सगळी वाक्यं तयार होती: तुम्हाला कुणी अधिकार दिला, एकट्या बाईच्या फोनवर पुरुषाने बोलायचं म्हणजे काय, कळतं का, ऑफिसवाल्यांना फोन चांगला आहे म्हणून सांगता, शोभतं का ह्या वयात. पत्र्याचं दार उघडंच होतं. आत एक उंच, वाकलेला म्हातारा स्टोव्हला पंप मारत होता, आणि खिडकीशी खाटेवर एक बाई उशांना टेकून बसलेली, पायांवर गोधडी. तिच्या उशाशी स्टुलावर फोन.

"मी नाझिया शेख," ती दारातूनच म्हणाली. आवाज ठरवला होता तेवढा कडक निघाला नाही.

म्हातारा पंप सोडून उभा राहिला. बाईने मात्र दोन्ही हात पुढे केले. "अगं बया! नाजिया व्हय तू? आत ये, आत ये, दारात नगं उभी राहू. मला वाटलं तू म्हातारी आसशील. आवं, खुर्ची द्या की तिला."

ती सारजाबाई. न्हाणीत पडून खुब्याचं हाड मोडल्यापासून खाटेवर. नाझियाने खुर्चीच्या कडेवर बसून आपली वाक्यं बाहेर काढली, आणि हौसरावांनी ती मान खाली घालून ऐकून घेतली. "खरं हाय तुमचं, बाई. आमी बी गेल्तो हापिसात. तिकडं रस्ता खणला, तवापासनं आमच्या फोनावर समदे तुमचेच फोन. ते म्हनले, टोन हाय का? हाय. मंग जावा. दोन येळा गेलो. हिला टाकून जावं लागतं, मंग सोडलं. पैल्यांदी राँग नंबर म्हनायचो मी. पन मानसं पुन्यांदा करायची. शेवटी म्हनलं, घेऊ निरोप, कवातरी बाई घावतीलच."

"आणि ऑफिसवाल्यांना फोन चांगला आहे म्हणून का सांगितलंत?"

हौसरावांनी खाटेकडे पाहिलं. सारजाबाई जराही न लाजता म्हणाली, "म्या सांगाया लावलं. फोन चांगलाच हाय की. ह्यो फोन घेऊन वरीस झालं, कुत्रं इचारत न्हवतं. आन् आता दिवसभर वाजतोय. तुझी सुमैया लई ग्वाड बोलती. एकांतरा करती. पैल्यांदा म्हनली, खाला कुठंय? म्हनलं, खाला न्हाई, मी म्हातारी हाय, सांग मला काय ते. तवा रडली गं." तिने नाझियाचा हात ओढून जवळ घेतला आणि आवाज बारीक केला. "दिवस गेल्यात तिला. आयेला सांगितलं न्हाई आजून, तुला आदी सांगायचं व्हतं. उलट्या व्हत्यात. म्या म्हनलं, सकाळी उठल्या उठल्या कोरडी भाकर खा. आता बरं हाय म्हनती."

नाझियाने हात सोडवून घेतला नाही. तिच्या आत काहीतरी एकाच वेळी दोन दिशांना ताणलं गेलं. सुमैयाने ही गोष्ट एका अनोळखी बाईला सांगितली होती, आणि सांगायला मात्र नाझियालाच शोधत आली होती, दर एक दिवसाआड, आईच्याही आधी. तिकडे सुमैया उलट्या करत नंबर फिरवत होती आणि इकडे आपण रुमालाखालच्या फोनकडे बघत तिच्यावर रुसून बसलो होतो. किती खात्रीने रुसलो होतो. तिला एकदम पोपटरावांचा प्रसन्न चेहरा आठवला आणि असा संताप आला की डोळ्यांत पाणी आलं. त्या पाण्याचं काय ते खुशाल त्या माणसाच्या नावावर जावो.

सारजाबाई गोधडीची शिवण चाचपत होती. मग, दुसरंच काहीतरी बोलल्यासारखं, तिने विचारलं, "तुझ्याकडं येत आसतील न्हाई आमचे फोन? आमच्या दत्ताचा कवा आल्ता का गं?"

हौसराव स्टोव्हशी पाठमोरे होते. त्यांचा पंपावरचा हात थांबला.

"आला होता," नाझिया म्हणाली. "तीनदा केला त्यांनी. दोनदा मीच राँग नंबर म्हणून ठेवला. कंपनीत शटडाऊन आहे, सुट्ट्या बंद आहेत, पुढच्या आठवड्यात येतो म्हणालेत. घर बदललं का, विचारत होते."

सारजाबाईने पदर तोंडावर घेतला. "तीनदा," ती पदराआडून म्हणाली. "आन् मी हितं त्याला रोज शिव्या देती." हौसरावांनी स्टोव्ह पेटवला. निळी ज्योत लागेपर्यंत ते तिकडेच बघत राहिले, आणि मग कुणाला म्हणून नव्हे, म्हणाले, "मी म्हनत व्हतो तुला."

चहा उकळायला लागला तेव्हा फोन वाजला. हौसरावांचा हात सवयीने गेला, मग ओशाळून मागे आला. पुन्हा त्यांनीच उचलला. "हां, बोला." पलीकडून इतक्या जोरात आवाज आला की खोलीभर ऐकू गेला. आपाचाच. "आवं बाई, ऐकून त घ्या. बाई हायेत. हितंच हायेत, देतो." आणि त्यांनी रिसीव्हर तिच्यापुढे धरला.

"आपा."

मग आपा एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "म्हणजे, तू, त्याच्याच घरी आहेस."

लाइन चुकलीये, आपा. रस्ता खणला तेव्हा. दोन वायरी. हे आबा सत्तरीचे आहेत, त्यांची बायको इथे खाटेवर आहे, हवं तर तिच्याशी बोल. सगळं जिभेच्या टोकाशी आलं होतं, आणि सगळं खरं होतं. समोर हौसराव फडक्यातून चहा गाळत होते, सारजाबाई डोळे पुसून कान टवकारून बसली होती. पलीकडे आपाचा श्वास वाजत होता, खुलाशाची वाट बघत, तो न पटवून घ्यायच्या तयारीत.

"हो," नाझिया म्हणाली. "त्यांच्याच घरी आहे. चहा घेतेय."

"नाझिया! कोण आहे तो?"

"माझे फोन घेतात ते. चहा गार होतोय आपा, घरी गेल्यावर करते तुला. नंबर वेगळा दिसेल." आणि तिने रिसीव्हर ठेवला.

"थोरली व्हय?" सारजाबाईने विचारलं. "काय म्हनली?"

"ओरडली."

"मंग करंल पुन्हा. वरडनारी मानसं पुन्हा करत्यात."

हौसरावांनी तिच्या हातात कप दिला. दांडी तुटलेला, काठोकाठ भरलेला. पहिला घोट घेते न घेते तोच फोन परत वाजायला लागला. तिघांनी त्याच्याकडे पाहिलं. कुणी उठलं नाही. तो वाजत होता, आणि नाझियाने कप खालून धरून, फुंकर घालत, सावकाश चहा संपवला.